‘आकस्मिक’ या शब्दाआड

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि बाजारभाव यांच्या शेजारी, चार ओळींची एक बातमी वर्षातून अनेकदा छापली जाते. गावाचे नाव बदलते, मुलाचे वय कधी दीड वर्षे असते, कधी चार. बाकीचा मजकूर जवळजवळ तोच असतो. आई घरकामात गुंतलेली असताना मूल खेळता खेळता मोरीतल्या पिंपात पडले. किंवा आंघोळीसाठी काढलेल्या कढत पाण्याच्या बादलीत बसले. किंवा सुट्टीचा दिवस म्हणून पोहायला गेलेली दोन भावंडे शेततळ्यातून वर आलीच नाहीत. शेवटचे वाक्य तर ठरलेलेच असते : पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली आहे. कायद्याच्या परिभाषेत हा शब्दप्रयोग योग्यच आहे. ज्या मृत्यूमागे कोणाचा गुन्हा दिसत नाही त्याची पोलीस ठाण्याने दुसरी कोणती नोंद करावी? परंतु हा शब्द ठाण्याच्या नोंदवहीतच राहिलेला नाही. तो समाजाच्या मनात खोल रुतून बसला आहे आणि तेथे त्याने विचाराची वाटच बंद केली आहे. आकस्मिक म्हणजे ज्याची पूर्वकल्पना कोणालाही असू शकत नाही ते. जी गोष्ट दर वर्षी, त्याच रीतीने, त्याच ठिकाणी आणि त्याच वयाच्या मुलांच्या बाबतीत घडते, तिला आकस्मिक म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग तर आहेच, पण त्याहून अधिक ती स्वतःची समजूत घालण्याची एक सोयीस्कर युक्ती आहे.

या शब्दाचा जाच वैद्यकशास्त्रालाही होत आला आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नामांकित नियतकालिकाने २००१ साली आपल्या पानांवरून ‘अपघात’ हा शब्दच हद्दपार करण्याचे ठरवले, ते याच कारणासाठी. बहुतेक इजांचा अंदाज आधी बांधता येतो आणि त्या टाळता येतात, तेव्हा त्यांना दैवाधीन ठरवणारा शब्द वापरू नये, अशी त्यामागची भूमिका होती. याच्या बरीच वर्षे आधी, अमेरिकेत, विल्यम हॅडन या डॉक्टरने इजांकडे पाहण्याची दृष्टीच बदलून टाकली होती. हिवताप जसा डासातून येतो तशी इजा ही ऊर्जेतून येते, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. ही ऊर्जा कधी उष्णतेची असते, कधी विजेची, कधी उंचावरून पडण्याच्या वेगाची. ती मुलाच्या अंगापर्यंत पोहोचणार नाही अशी आडकाठी घालणे हे प्रतिबंधाचे काम. डासाला उपदेश करून हिवताप हटत नाही. साचलेले पाणी काढावे लागते. त्याचप्रमाणे दोन वर्षांच्या मुलाला ‘तिकडे जाऊ नकोस’ असे शंभरदा बजावून ते वाचत नाही; पिंपाला झाकण लागते. हे एवढे साधे आहे. तरीही आपल्याकडील बालसंगोपनाचा सारा भर अजूनही बजावण्यावर, रागावण्यावर आणि प्रसंगी धपाटा घालण्यावर आहे.

पाण्याचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रातील असंख्य घरांत नळाला पाणी ठराविक वेळीच येते. काही शहरांत ते दिवसाआड, तर काही ठिकाणी आठवड्यातून एकदोनदाच येते. त्यामुळे पिंपे, हंडे, कळशा, बादल्या भरून ठेवणे हा गृहिणीचा छंद नसून तिची अपरिहार्यता आहे. चालायला शिकलेल्या मुलाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकून पाहते, तोल जातो, डोके खाली जाते आणि त्याला पुन्हा वर येता येत नाही. यासाठी पाणी खोल असावे लागत नाही; नाकतोंड बुडेल इतके पुरे होते. बुडणारे मूल ओरडते अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती चूक आहे. ते निमूटपणे बुडते, आणि शेजारच्या खोलीतील माणसाला काहीही ऐकू येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. म्हणजे पाणीपुरवठ्याचा प्रश्न हा केवळ गैरसोयीचा किंवा पाणीपट्टीचा प्रश्न नाही. ज्या घरात नळाला दिवसभर पाणी आहे त्या घरात पिंप नसते. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर चर्चा करणाऱ्यांनी हा हिशेबही कधी तरी मांडून पाहावा.

भाजण्याचे तसेच आहे. रॉकेलचा स्टोव्ह भडकण्याची धास्ती शहरी घरांतून आता बरीचशी गेली. गॅस आला, ओटा आला आणि आच जमिनीवरून कमरेच्या उंचीवर गेली. ही सुधारणा लहान नाही. पण मूल भाजते ते केवळ ज्वाळेने नव्हे. गरम चहा, नुकतीच उकळलेली डाळ, जमिनीवर पंगत मांडलेली असताना मध्ये ठेवलेले आमटीचे पातेले आणि स्नानासाठी विसणापूर्वी ठेवलेली कढत पाण्याची बादली ही भाजण्याची खरी कारणे. बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम पाणी ओतण्याची सवय लावून घेतली, तर एका दमडीचाही खर्च न होता कितीतरी मुलांच्या पाठी आणि मांड्या वाचतील. टेबलावरील कापडाचे लोंबते टोक, ओट्याच्या कडेवरून बाहेर आलेला कढईचा दांडा, पाणी तापवण्यासाठी बादलीत सोडलेली विजेची कांडी यांबद्दल निराळे सांगण्याची गरज नाही. कांडीच्या बाबतीत एवढेच, की गळती होताच वीज तोडणारे यंत्र मुख्य फळीवर बसवलेले असेल, तर त्या धक्क्यातून जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. नव्या इमारतींत ते असते. जुन्या चाळींत आणि खेड्यांतील घरांत बहुधा नसते.

येथे अपरिहार्यपणे एक प्रश्न उभा राहतो : दोष कोणाचा? समाजाने त्याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. दोष आईचा. मूल दगावलेल्या घरी समाचाराला येणारी माणसे सांत्वन करता करता ‘तू तेव्हा कुठे होतीस?’ हे विचारल्याशिवाय राहत नाहीत. ती कोठे होती? ती स्वयंपाक करीत होती, धुणे धूत होती, पाणी भरत होती, किंवा शेतावर मजुरीला गेली होती. ती तेथे नसती तर घर चालले नसते. एका खोलीत पाच माणसे, एक चूल आणि एक मोरी असलेल्या संसारात एका बाईने चोवीस तास डोळ्यांत तेल घालून रांगत्या मुलावर पहारा करावा, ही अपेक्षाच अमानुष आहे. वडील कोठे होते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

आपल्या शेजारच्या बांगलादेशाने हा प्रश्न निराळ्या रीतीने विचारला, म्हणून त्याला निराळे उत्तर सापडले. तेथील खेड्यांत घरागणिक डोह आणि तळी. एक ते चार वर्षांची मुले मोठ्या संख्येने बुडत. पाहणीत असे आढळले की, बहुतेक मृत्यू सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात होतात. म्हणजे आई कामाच्या रगाड्यात असते नेमक्या तेव्हाच. मग गावातीलच एका बाईच्या घरी या चार तासांसाठी वीस-पंचवीस मुलांचे पाळणाघर सुरू करण्यात आले. त्याचे नाव ‘आंचल’, म्हणजे पदर. या पाळणाघरांत जाणाऱ्या मुलांतील बुडून मरण्याचे प्रमाण इतर मुलांच्या मानाने ८० टक्क्यांहून अधिक घटले. ना मोठी इमारत, ना महागडे यंत्र. धोक्याच्या वेळी एक मोठे माणूस जवळ असावे, एवढीच व्यवस्था.

महाराष्ट्राला तर ही कल्पना परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे बालवाडी मुलांच्या अंगणापर्यंत नेली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी योजनेत आलेला नव्हता. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या आल्या. पण त्यांतील शिक्षण प्रामुख्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, आणि वेळ दिवसातील काही तासांची. एक ते तीन या सर्वांत धोक्याच्या वयाच्या मुलाला तेथे पोषण आहार मिळतो. आसरा क्वचितच मिळतो. पेरणीच्या, काढणीच्या आणि ऊसतोडीच्या हंगामात ही मुले बांधावर किंवा फडाच्या कडेला, आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतात. त्या बहिणीची शाळा बुडते, ही बाब वेगळीच.

शेततळ्यांचा विषय खास महाराष्ट्राचा, आणि त्यावर अधिक बोलणे भाग आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला शेततळ्याने मोठा आधार दिला, याविषयी शंका नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढली. पाणी मुरू नये म्हणून अनेक तळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर घालतात. या अस्तराची उतरती बाजू ओली झाली की शेवाळ धरते आणि अशी निसरडी होते की, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पाय रोवून बाहेर येता येत नाही. विहिरीला निदान पायऱ्या असतात, कपारी असतात, हाताला काही लागते. येथे काहीच लागत नाही. एक मूल घसरते, दुसरे त्याला हात द्यायला जाते आणि दोघेही जातात. म्हणूनच या बातम्यांत बहुधा एक नव्हे तर दोन किंवा तीन नावे असतात. उपाय ठाऊक आहेत : चहूबाजूंनी तारेचे कुंपण, त्याला कुलपाचे दार आणि काठावरील खुंट्यांना बांधून पाण्यात सोडलेले, गाठी मारलेले जाड दोर. जुन्या टायरांची शिडी केली तरी चालते. तळे खोदण्यास आणि अस्तर घालण्यास जो खर्च येतो त्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. तळे झाले की नाही हे पाहून अनुदान देता येते, तर दोर आहे की नाही हेही पाहता येईल.

एके काळी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून गावची पोरे विहिरीत ढकलली जात. काका-मामा काठावर उभे असत. ते शिक्षण रांगडे होते आणि त्यातही धोका होता. मुलींना तर ते बहुधा मिळतच नसे. पण पोहता येणे ही चैन नव्हे, चालता येण्यासारखीच गरज आहे, हे त्या पिढीला कळत होते. विहिरी आटल्या, कूपनलिका आल्या, आणि पोहणे हा शहरातील शुल्क भरून शिकण्याचा विषय झाला. कूपनलिकांनी तर धोक्याचा नवाच प्रकार आणला. २००६ साली हरियाणात कुरुक्षेत्राजवळ एक पाच वर्षांचा मुलगा उघड्या कूपनलिकेत पडला आणि सुमारे दोन दिवसांनी लष्कराने त्याला जिवंत वर काढले, तेव्हा सारा देश दूरदर्शन संचासमोर बसला होता. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलेल्या कूपनलिका मातीने वा वाळूने तळापासून बुजवण्याचे, आणि काम चालू असताना त्यांना कुंपण व फलक लावण्याचे आदेश दिले. त्यानंतरही मुले पडतच आहेत. भोक बुजवायला एक ट्रॉली माती लागते. मूल काढायला लष्कर लागते.

शाळेचा विचार करताना मन अधिक अस्वस्थ होते, कारण तेथे मूल आईबापांनी विश्वासाने सोपवलेले असते. १६ जुलै २००४ रोजी तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरातून उडालेली ठिणगी झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले जळून मेली. दाटीवाटीने बसवलेल्या मुलांना बाहेर पडायला अरुंद जिना तेवढा होता. त्या प्रकरणावरून झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी असा निर्णय दिला की, शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही समाविष्ट आहे. पुढे १६ जुलै याच तारखेला, २०१३ साली, बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेचे माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. अन्नात शेतीसाठी वापरले जाणारे मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक उतरले होते. आणि २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावी शाळेचे छत कोसळून सात मुले गेली. आग, विष आणि छत. तीन निराळ्या गोष्टी. परंतु तिन्ही ठिकाणी काय होऊ शकेल हे आधी पाहणाऱ्याला दिसले असते. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आणि भिंत किंवा कुंपण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पावसाळ्यापूर्वी छताखाली उभे राहून मान वर करणे, एवढी तपासणी कोणालाही करता येते.

मोठ्या दुर्घटनांची चौकशी होते, समित्या नेमल्या जातात. पण शाळेतील मुलांच्या बहुतेक इजा या समित्यांपर्यंत जात नाहीत. मधल्या सुट्टीत एकाच वेळी जिन्यावर लोटलेली चारशे मुले, रुळावरून निसटणारे जड लोखंडी फाटक, जमिनीत नीट न रोवलेला फुटबॉलचा गोल, मैदानातला उघडा खिळा, पाण्याच्या टाकीजवळची शेवाळलेली फरशी, दारात सापडणारी बोटे. यांत कसल्याही संशोधनाची गरज नाही. वर्ग सुटण्याच्या वेळा पाच-पाच मिनिटांनी पुढेमागे केल्या तरी जिन्यावरील रेटारेटी निम्म्यावर येईल.

इजा झाल्यानंतर पहिल्या दहा मिनिटांत जे होते, किंवा होत नाही, त्याबद्दल शिक्षक आणि पालक दोघांनाही नव्याने शिकावे लागेल. भाजलेल्या जागेवर हळद, शाई, दंतमंजनाचा लेप, बटाट्याचा कीस, बर्फ असे सारे काही लावण्याची आपल्याकडे परंपरा आहे. यांपैकी काहीही लावू नये. वाहत्या साध्या पाण्याखाली ती जागा वीस मिनिटे धरावी, सूज येण्यापूर्वी बांगडी, करदोटा काढावा आणि स्वच्छ फडके पांघरून रुग्णालयात न्यावे. रॉकेल पोटात गेलेल्या मुलाला मिठाचे पाणी पाजून ओकारी काढतात. त्यामुळे ते फुप्फुसात जाऊन अधिक घात होतो. बुडालेल्या मुलाला उलटे धरून किंवा डोक्यावर घेऊन गरगरा फिरवतात आणि श्वास देण्याची मोलाची मिनिटे त्यात जातात. शेंगदाणा, फुटाणा किंवा सुपारीचे खांड घशात अडकलेल्या मुलाच्या तोंडात आंधळेपणाने बोट घातले तर तो दाणा आणखी खाली जातो. एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात, आणि तेवढ्याने न भागल्यास पोटावर दाब द्यावा. खेळण्यातील चपटी, नाण्यासारखी बॅटरी गिळली गेली तर मात्र एक क्षणही वाट पाहू नये. दोनच तासांत ती अन्ननलिका जाळू लागते. हे सारे अर्ध्या दिवसाच्या वर्गात हातांनी करून शिकवता येते. खेदाची गोष्ट ही, की अनेक शाळांत प्रथमोपचाराची पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात असते, कपाटाला कुलूप असते आणि किल्ली बैठकीला गेलेली असते. शिक्षकाला दोष देण्यापूर्वी हेही लक्षात घेतले पाहिजे की, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सर्व कामांचे प्रशिक्षण त्याला मिळते. एवढेच मिळत नाही.

उपचाराने काय साधते याचा एक दाखला कोकणातच आहे. लाल विंचवाच्या दंशाने तेथे मुले मरत, आणि मांत्रिकाकडे नेण्याखेरीज लोकांना काही सुचत नसे. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन या साध्या गोळीचा वापर करून, पूर्वी शंभरात तीसच्या घरात असलेले गंभीर दंशांतील मृत्यूचे प्रमाण अगदी नगण्य करून दाखवले. त्यांचे या विषयावरील लेखन १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात आले. विंचू तोच, कोकण तेच. फरक पडला तो एका डॉक्टरने प्रत्येक रोग्याची बारकाईने नोंद ठेवली म्हणून.

नोंदीचा हा मुद्दा शेवटी सर्वांत महत्त्वाचा ठरतो. न्यूयॉर्क शहरात १९७० च्या दशकाच्या आरंभी खिडक्यांतून पडणाऱ्या मुलांची पद्धतशीर नोंद आरोग्य खात्याने सुरू केली. कोणत्या वस्तीत, कोणत्या मजल्यावरून, किती वयाची मुले पडतात ते कळले. आणि १९७६ साली दहा वर्षांपर्यंतची मुले असलेल्या घरांच्या खिडक्यांना गज बसवणे घरमालकांवर बंधनकारक झाले. पडण्याचे प्रमाण झपाट्याने खाली आले. मुंबई, ठाणे, पुणे येथे आता वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारती उठत आहेत, आणि मोकळ्या देखाव्यासाठी खिडक्यांना गज नकोत अशी तेथील रहिवाशांची हौस असते. त्या हौसेची किंमत किती, हे सांगू शकेल असा नोंदींचा कागद कोणत्याही महापालिकेने रहिवाशांपुढे ठेवलेला नाही.

महापालिकांचे काय व्हायचे ते होवो, शाळांना मात्र ही वाट आजच मोकळी आहे. दोनशे पानी एक वही, तिच्यात तारीख, वेळ, जागा, मुलाची इयत्ता, काय लागले आणि कशामुळे, एवढे सहा रकाने. मुलाचे किंवा शिक्षकाचे नाव त्यात नको, म्हणजे कोणावर ठपका येण्याची भीती नको आणि लपवालपवीही नको. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ती वही शिक्षक-पालक सभेत वाचून दाखवावी. पन्नास नोंदींपैकी वीस एकाच जिन्याच्या किंवा एकाच नळाजवळच्या फरशीच्या निघाल्या, तर त्या दुरुस्तीसाठी वर्गणी मागताना निराळे भाषण करावे लागणार नाही. जूनमध्ये हजेरीपट, निकालपत्रके आणि जडवस्तू संग्रह यांच्या नव्या वह्या येतातच. त्यांत या वहीची भर घालण्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.